कुठल्या तारखेपासून मोजायचं?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते आणि थँक्सगिव्हिंग, म्हणजे घरच्यांनी आणि मित्रांनी एकत्र जेवायचा सण, त्याच महिन्याच्या चौथ्या गुरुवारी येतं. २०२४ साली मतदान ५ तारखेला झालं, थँक्सगिव्हिंग २८ला. मध्ये अवघे तेवीस दिवस. रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांना ३१२ इलेक्टोरल मतं (राज्यांना वाटून दिलेली, निकाल ठरवणारी मतं) मिळाली आणि तेव्हाच्या उपाध्यक्ष, डेमोक्रॅट कमला हॅरिस यांना २२६, पण लोकांनी प्रत्यक्ष टाकलेल्या मतांमधला फरक दीड टक्क्याच्या आसपास होता. म्हणजे मित्रमंडळी जरा मिसळलेली असली, तर एकाच टेबलाशी जिंकलेलेही बसणार आणि हरलेलेही. नवा अध्यक्ष २० जानेवारीला दुपारी बारा वाजता सूत्रं हातात घेणार, तोवर त्याला काही करता येत नाही. मग वाद होतो तो गेलेल्या चार वर्षांवर आणि येणाऱ्या चार वर्षांवर, आणि दोन्हींबद्दल प्रत्येकाची खात्री पक्की असते.

जेवताना राजकारण नको, असा सल्ला या दिवसांत सगळीकडे ऐकू येतो. मला तो कधीच पटला नाही. घराचा हप्ता, पगार, म्हातारपणीची पेन्शन याबद्दल मित्रांशी बोलायचं नाही, तर कोणाशी बोलायचं? टीव्हीवरच्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही, मित्राला विचारता येतो. अडचण निराळीच आहे. बहुतेक वेळा दोघं मित्र एकाच आकड्यावर भांडत नसतातच. एक जण एका तारखेपासून मोजतो, दुसरा दुसऱ्याच. एकाच्या डोक्यात भाव असतात, दुसऱ्याच्या डोक्यात भाव वाढण्याचा वेग. आणि ज्या माणसाला दोघं दोष किंवा श्रेय देत असतात, त्याच्या हातात ती किल्ली असते की नाही, हे कोणी तपासलेलंच नसतं.

सुरुवात बहुधा किराण्यापासून होते.

"महागाई कधीच आटोक्यात आली. अडीच टक्के ही काय महागाई झाली?"

"अरे, दुकानात जातोस का कधी? बिल बघ एकदा."

दोघंही खरं बोलतायत. त्या थँक्सगिव्हिंगला हाताशी असलेला ताजा सरकारी आकडा ऑक्टोबर २०२४चा होता: वर्षभरात ग्राहकांच्या भावात २.६ टक्के वाढ. जून २०२२मध्ये हाच दर ९.१ टक्क्यांवर गेला होता, १९८१नंतरचा सगळ्यात जास्त. तेव्हा पहिला मित्र बरोबर. आता ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स या सरकारी आकडेवारी कार्यालयाचा ग्राहक किंमत निर्देशांक सरळ बघू. जानेवारी २०२१मध्ये तो २६१.६ होता, जानेवारी २०२५मध्ये ३१७.७. म्हणजे २०२१च्या सुरुवातीला जी टोपली १०० डॉलरला भरायची, तिला चार वर्षांनी १२१ डॉलर पडले. दुसराही बरोबर.

घोळ कुठे होतो? वार्षिक दर आजच्या बिलाची तुलना मागच्या वर्षीच्या बिलाशी करतो. मागच्या वर्षीचं बिल आधीच फुगलेलं होतं, म्हणून फरक लहान दिसतो. माणूस मात्र आजचं बिल आठवणीतल्या बिलाशी ताडून बघतो, आणि ती आठवण बहुतेकांची २०१९ची आहे. दर २.६ वर आला याचा अर्थ भाव सावकाश चढू लागले, उतरले नाहीत. सगळेच भाव २०१९ला परत न्यायचे, तर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीच्या महामंदीसारखी सरसकट घसरण लागेल, आणि तेव्हा भावांबरोबर पगार आणि नोकऱ्याही खाली गेल्या होत्या. तेव्हा कोणत्याही उमेदवाराने सगळे भाव खाली आणून दाखवतो म्हटलं, की त्याच्या बाजूच्या मित्राला विचारावं: कुठली वस्तू, आणि कशाने?

याच चार वर्षांत पगारही वाढले, हे सांगितलं की टेबलावर शांतता पसरते. पण त्याने कोणाचं समाधान होत नाही, आणि ते मला समजू शकतं. पगारवाढ आपल्या कष्टांची वाटते, भाववाढ मात्र कोणीतरी आपल्यावर लादलेली. शिवाय सरासरी पगार वाढला, तरी समोर बसलेल्या मैत्रिणीचा वाढला असेलच असं नाही. सरासरी सांगून तिचं बिल खोटं ठरवणं हा या वादातला सगळ्यात हमखास अपमान आहे.

अंड्यांचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण त्या हिवाळ्यात प्रत्येक वादात ती होती. मोठ्या, 'ए' दर्जाच्या डझनभर अंड्यांची देशभरातली सरासरी किंमत जानेवारी २०२५मध्ये ४.९५ डॉलर होती आणि मार्चमध्ये ६.२३ डॉलर. हा भाव चढवला बर्ड फ्लूने. २०२२च्या सुरुवातीपासून ही साथ अमेरिकेतल्या कोंबड्यांमध्ये फिरत होती. नियम असा की, एखाद्या फार्मवर विषाणू सापडला, तर तिथला सगळा कळप मारून टाकावा लागतो, आणि एका मोठ्या फार्मवर लाखो कोंबड्या असतात. मग शेड धुऊन निर्जंतुक करायची, तपासणी होऊ द्यायची, नवी पिल्लं वाढवायची. पिल्लू अंडं द्यायला लागेपर्यंत साधारण १८ ते २० आठवडे जातात. म्हणून नोव्हेंबरातल्या साथीचं बिल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. जानेवारीचा तो ४.९५चा आकडा तर दोन अध्यक्षांमध्ये वाटला गेलेला: २० तारखेच्या दुपारपर्यंत जो बायडन, नंतर ट्रम्प. ऑक्टोबरात अंड्यांसाठी बायडन यांना दोष देणारे काही मित्र फेब्रुवारीत बर्ड फ्लूबद्दल बोलू लागले, आणि ऑक्टोबरात बर्ड फ्लू समजावून सांगणारे काही मित्र फेब्रुवारीत ट्रम्प यांच्याकडे बोट दाखवू लागले. कोंबड्या त्याच, विषाणू तोच.

हे फक्त अंड्यांपुरतं नाही. मिशिगन विद्यापीठ गेली कित्येक दशकं ग्राहकांना विचारत आलंय, की तुम्हाला अर्थव्यवस्था कशी वाटते. २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही निवडणुकांनंतर तिथे तेच दिसलं. ज्यांचा पक्ष जिंकला, त्यांना थोड्याच काळात अर्थव्यवस्था बरी वाटू लागली. जे हरले, त्यांना वाईट. दरम्यान त्यांचे पगार, भाडी, दुकानं फारशी बदललेली नव्हती. हा दोष एका बाजूचा नाही. वादाला बसण्याआधी प्रत्येकाने हे स्वतःपुरतं मान्य करावं, असं मला मनापासून वाटतं.

आता तारखेकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. १९८०च्या ऑक्टोबरात रोनाल्ड रेगन यांनी जिमी कार्टर यांच्याबरोबरच्या वादसभेत मतदारांना विचारलं होतं, की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? तेव्हापासून दर निवडणुकीला हा प्रश्न निघतो. २०२४मध्ये तो विचारला, तर चार वर्षांपूर्वी म्हणजे २०२०चा उन्हाळा किंवा नोव्हेंबर येतो, ऐन कोविडमधला. पण ट्रम्प यांच्या बाजूचा मित्र मनातल्या मनात फेब्रुवारी २०२०पर्यंत मोजून थांबतो, जेव्हा बेरोजगारी ३.५ टक्के होती. बायडन यांच्या बाजूचा मित्र जानेवारी २०२१पासून सुरू करतो, जेव्हा ती ६ टक्क्यांच्या वर होती, आणि दीड कोटींहून जास्त नोकऱ्या वाढल्याचं सांगतो. दोघांच्या मधले जे महिने गळतात, त्यांतच सगळं दडलंय. मार्च आणि एप्रिल २०२० या दोन महिन्यांत दोन कोटींहून जास्त नोकऱ्या गेल्या. एप्रिलमध्ये बेरोजगारी १४ टक्क्यांच्या पार पोचली. जानेवारी २०२१पर्यंत बऱ्याच परतल्या होत्या, तरी कोविडच्या आधीच्या पातळीला यायला अजून ९० लाख ते १ कोटी कमी होत्या. तेव्हा नंतरच्या दीड कोटीतला मोठा हिस्सा परत आलेल्या नोकऱ्यांचा आणि उरलेला नव्यांचा. ही विभागणी मान्य केली, तर दोन्ही बाजूंना बोलायला बरंच काही उरतं. मान्य नाही केली, तर दोघं पाढे म्हणत बसतात.

तारखांचा याहून विचित्र प्रकार १९९२ला घडला होता. थोरले जॉर्ज बुश अर्थव्यवस्थेच्या मुद्द्यावर ३ नोव्हेंबरला बिल क्लिंटन यांच्याकडून हरले. अमेरिकेत मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चची एक समिती ठरवते. त्या समितीने २२ डिसेंबर १९९२ला जाहीर केलं, की मंदी मार्च १९९१मध्येच संपली होती. म्हणजे मतदानाच्या दीड वर्षाहून अधिक आधी. मग मतदार चुकले का? असंही म्हणता येत नाही. बेरोजगारी मंदी संपल्यावरही वाढत राहिली आणि जून १९९२मध्ये ७.८ टक्क्यांवर पोचली. उत्पादन वळलं होतं, नोकऱ्या वळल्या नव्हत्या. ज्याच्या हाताला काम नव्हतं, त्याला समितीची तारीख दाखवून काय उपयोग?

आता किल्ली कोणाच्या हातात असते, ते बघू. व्याजदर अध्यक्ष ठरवत नाही, फेडरल रिझर्व्ह, म्हणजे देशाची मध्यवर्ती बँक 'फेड', ठरवतं. तिथली बारा मतांची समिती वर्षातून आठ वेळा ठरलेल्या दिवशी बसते. निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी, ७ नोव्हेंबर २०२४ला, तिने दर पाव टक्क्याने उतरवला. सप्टेंबरात अर्धा टक्का उतरवलाच होता. आता व्याज कमी झालं, घर घेऊ या, असं म्हणणारे मित्र इथे फसले. तीस वर्षांच्या ठराविक दराचं घरकर्ज फेडच्या दरामागे, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीपुरते पैसे देतात त्या दरामागे, जात नाही, ते साधारण दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरच्या परताव्यामागे जातं. त्या रोख्यांत पैसे घालणारे पुढच्या दहा वर्षांची महागाई आणि सरकारी उसनवारी यांचा अंदाज बांधत असतात. सप्टेंबरअखेर घरकर्जाचा सरासरी दर ६.१ टक्क्यांच्या आसपास होता. फेडने एकूण एक टक्का उतरवल्यावर, जानेवारीच्या मध्याला, तो ७ टक्क्यांच्या वर होता.

फेडच्या बाबतीत पक्षाचं लेबलही कामाला येत नाही. पॉल व्होल्कर यांना फेडच्या प्रमुखपदी १९७९मध्ये डेमोक्रॅट कार्टर यांनी नेमलं. महागाई मोडण्यासाठी त्यांनी पैसा इतका आवळला, की अल्पकालीन व्याजदर २० टक्क्यांच्या घरात गेले. कार्टर हरले. १९८२च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के झाली, तेव्हा रिपब्लिकन रेगन अध्यक्ष होते, आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या उभारीचं श्रेयही रेगन यांच्याकडे गेलं. जेरोम पॉवेल यांना फेडच्या प्रमुखपदी बसवलं ट्रम्प यांनी, दुसरी मुदत दिली बायडन यांनी.

अर्थसंकल्पाचं वर्षही कॅलेंडरशी जुळत नाही. ते १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे जानेवारीत शपथ घेणाऱ्या अध्यक्षाला पहिले पावणेचार महिने आधीच्या माणसाने चालवलेलं वर्ष मिळतं. २००९च्या वर्षाची सुमारे १.४ लाख कोटी डॉलरची तूट बराक ओबामा यांच्या नावावर टाकणारे आहेत आणि धाकट्या बुश यांच्या नावावर टाकणारेही. ते वर्ष बुश यांच्या काळात, बँका कोसळत असताना सुरू झालं आणि फेब्रुवारीत ओबामांचं ७८७ अब्जांचं उत्तेजन पॅकेज त्यात आलं. एका नावावर ते मावत नाही.

तूट आणि कर्ज यांची सरमिसळ तर दर वेळी होते. तूट म्हणजे या एका वर्षात कमी पडलेले पैसे. कर्ज म्हणजे आजवरच्या तुटींची साचलेली रास. तूट निम्मी झाली, तरी कर्ज वाढतच असतं. २०२४च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारकडे सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर आले आणि ६.७५ लाख कोटी गेले. तूट १.८ लाख कोटी. एकूण कर्जाने त्याच नोव्हेंबरात ३६ लाख कोटींचा आकडा ओलांडला.

आता कोणीतरी म्हणणार, परदेशांना मदत बंद करा, तूट भरून निघेल. ती मदत २०२४मध्ये खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास होती. याहून डोळे उघडणारा हिशोब असा: दर वर्षी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, मतदान करून मंजूर करते तो सगळा खर्च, म्हणजे संरक्षण, शिक्षण, रस्ते, अवकाश संशोधन, उद्यानं, न्यायालयं, सगळं मिळून त्या वर्षी सुमारे १.८ लाख कोटी होता. तूटही तेवढीच. सैन्यासकट हे सगळं एका दिवसात बंद केलं, तर जेमतेम तूट भरेल, कर्ज एका डॉलरनेही उतरणार नाही. उरलेला खर्च सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन), मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा), मेडिकेड (गरिबांचा आरोग्यविमा) यांसारख्या कायद्याने बांधलेल्या योजनांवर आणि व्याजावर जातो. नुसतं निव्वळ व्याज ८८ हजार कोटी डॉलरच्या आसपास होतं, संरक्षणापेक्षा जास्त. कोणत्याही पक्षाचा मित्र 'उधळपट्टी थांबवा' म्हणाला, की त्याच्यापुढे हे तीन ढीग ठेवावेत आणि विचारावं, कुठल्या ढिगातून काढायचे?

टॅरिफवर, म्हणजे आयातीवरच्या शुल्कावर, तर हमरीतुमरी होते. "चीन भरतो" आणि "ग्राहक भरतो" या दोन वाक्यांत कित्येक संध्याकाळी गेल्या असतील. कायद्याच्या दृष्टीने पैसे भरतो तो अमेरिकेतला आयातदार. माल बंदरातून सुटल्यावर दहा कामकाजी दिवसांत त्याने कस्टम्सकडे कागदपत्रं आणि अंदाजे शुल्क जमा करायचं असतं. हे झालं चेक कोणाचा, याचं उत्तर. झळ कोणाला बसते, हा वेगळा प्रश्न. एक वॉशिंग मशीन धरा, आयातीच्या वेळी किंमत ५०० डॉलर, दुकानात ९०० डॉलर. २५ टक्के शुल्क म्हणजे १२५ डॉलर. शुल्क दुकानातल्या किमतीवर लागत नाही, बंदरातल्या किमतीवर लागतं. सगळं ग्राहकावर ढकललं, तरी मशीन १,०२५ला जाईल, म्हणजे १४ टक्क्यांच्या जवळपास वाढ, २५ नव्हे. परदेशी कारखान्याने थोडी किंमत उतरवली, आयातदाराने नफा सोडला किंवा डॉलर वधारला, तर आणखी कमी. 'टॅरिफ लागूनही भाव तेवढे वाढले नाहीत, बघ' म्हणणाऱ्याने हे सगळं मोजलेलं नसतं, आणि 'सगळं २५ टक्क्यांनी महागणार' म्हणणाऱ्यानेही नाही.

वॉशिंग मशीनचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण तिथे खरा प्रयोग झालाय. जानेवारी २०१८मध्ये ट्रम्प यांनी आयात केलेल्या घरगुती वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं: पहिल्या १२ लाख मशीनवर २० टक्के, त्यापुढच्यांवर ५० टक्के. फेड आणि शिकागो विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर भाव तपासले. मशीन १२ टक्क्यांच्या आसपास महागलं. त्याच्याबरोबर ड्रायरही महागला, ज्याच्यावर कसलंच शुल्क नव्हतं, कारण अमेरिकेत ही दोन यंत्रं जोडीने विकली जातात आणि दुकानदाराने वाढ दोघांत वाटून टाकली. देशात बनलेली मशीनंही महागली, कारण स्पर्धा सैलावली. सुमारे १,८०० नोकऱ्या तयार झाल्या, आणि ग्राहकांनी जास्त मोजलेले पैसे त्या नोकऱ्यांवर विभागले, तर एका नोकरीला वर्षाला ८ लाख डॉलरच्या वर पडले. माझ्या मते सर्वसाधारण टॅरिफच्या विरोधात इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणं कठीण आहे. पण साउथ कॅरोलायनातल्या न्यूबेरीत सॅमसंगचा आणि टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलमध्ये एलजीचा कारखाना उभा राहिला, तिथल्या माणसाला देशभरातल्या गिऱ्हाइकांनी दिलेले जादा ८०-९० डॉलर आणि आपल्या गावातली नोकरी यांचं वजन वेगळं वाटेल. तो अडाणी आहे म्हणून नव्हे. त्याचा तराजू वेगळा आहे, आणि त्याच्याशी बोलताना तराजूबद्दलच बोलायला हवं.

इथे पक्षांची रेघही सरळ नाही. ट्रम्प यांनी चीनवर लावलेली बहुतेक शुल्कं बायडन यांनी तशीच ठेवली आणि मे २०२४मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं शुल्क १०० टक्क्यांवर नेण्याचं जाहीर केलं. राज्यघटनेने शुल्काचा अधिकार काँग्रेसला दिला, पण १९६२ आणि १९७४च्या कायद्यांनी त्यातला बराचसा अध्यक्षाच्या हवाली केला. म्हणून कराचा दर बदलायला अध्यक्षाला महिनोन्महिने मतं जुळवावी लागतात, आणि शुल्क मात्र तो सहीने लावू शकतो.

कराचा एक गैरसमज कागदावर दोन मिनिटांत सुटतो, तरी दर वर्षी परत येतो: वरच्या टप्प्यात गेलो, तर सगळ्या पगारावर जास्त कर बसेल. २०२४च्या दरांनी एकट्या माणसाचं करपात्र उत्पन्न ५०,००० डॉलर धरा. पहिल्या ११,६०० डॉलरवर १० टक्के, म्हणजे १,१६०. त्यापुढे ४७,१५० पर्यंत १२ टक्के, म्हणजे ४,२६६. उरलेल्या २,८५० वर २२ टक्के, म्हणजे ६२७. एकूण ६,०५३, सरासरी १२ टक्क्यांच्या थोडं वर. २२ टक्के लागतो तो फक्त शेवटच्या तुकड्याला. मात्र बढतीमुळे हातात कमी उरतात, असं सांगणाऱ्याला हसू नये. मेडिकेडसारख्या योजनेत उत्पन्नाची मर्यादा ओलांडली, की आरोग्यविमाच जाऊ शकतो. गरीब घरात हे खरोखर घडतं, फक्त ते कराच्या टप्प्यांमुळे घडत नाही.

चांगले वाद मी ज्यांना म्हणेन, त्यांत एक साधी सवय दिसते. बोलण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: कुठली तारीख, कुठला आकडा, आणि तो कोणाच्या हातात. वाद चालू असताना तारीख बदलायची नाही. 'मग २०२०मध्ये काय झालं होतं?' हा प्रश्न बहुतेक वेळा तारीख बदलण्यासाठीच आलेला असतो. पैजाही अशाच लावाव्या. 'महागाई भडकणार' ही पैज नव्हे. 'अमुक महिन्याचा वार्षिक दर ३ टक्क्यांच्या वर' ही पैज. त्यातही खाचखळगे आहेतच. ज्यांनी ऑक्टोबर २०२५ हा महिना धरला असेल, त्यांना निकालच मिळाला नाही. खर्चाला मंजुरी न मिळाल्याने १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर सरकारी कामकाज बंद पडलं, भाव टिपणारी माणसं घरी बसली, आणि त्या महिन्याचा ग्राहक निर्देशांक प्रसिद्धच झाला नाही. घरोघरची पाहणी न झाल्याने बेरोजगारीचा दरही नाही.

नोकऱ्यांचे आकडे मागाहून बदलतात, त्यावरून तर फसवाफसवीचा आरोप ठरलेला. आकडे बदलतात कारण काही कंपन्यांची उत्तरं उशिरा येतात, आणि वर्षातून एकदा सगळा हिशोब बेरोजगारी विम्याच्या नोंदींशी ताडून बघतात. ऑगस्ट २०२४मध्ये, निवडणुकीच्या अडीच महिने आधी, हे आकडे काढणाऱ्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स या कार्यालयाने आधीच्या वर्षाच्या नोकऱ्या ८,१८,००० ने जास्त मोजल्या गेल्याचा प्राथमिक अंदाज दिला, म्हणजे सत्तेत असलेल्या बायडन यांच्याच विरोधात. वर्षभराने, १ ऑगस्ट २०२५ला, त्याने मे आणि जूनचे आकडे मिळून २,५८,००० ने उतरवले, आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी कार्यालयाच्या प्रमुखांना काढून टाकलं. हे मला फार चिंतेचं वाटतं. मोजपट्टीच कोणाची तरी झाली, तर मित्रांना भांडायलाही समान जागा उरत नाही.

एवढं सगळं झाल्यावर मतभेद संपत नाहीत, पण त्यांची जागा बदलते. मिसूरी राज्याने २०२४मध्ये ट्रम्प यांना मोठं बहुमत दिलं आणि त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याच्या प्रस्तावालाही मंजुरी दिली. केंद्राचं किमान वेतन २००९पासून ७.२५ डॉलरवर आहे. मित्राने कोणाला मत दिलं यावरून त्याची सगळी मतं ओळखता येतात, असं समजणाऱ्याने मिसूरीकडे बघावं. त्याला एकेक प्रश्न वेगळा विचारावा.

आणि एक प्रश्न असा आहे, ज्याची तारीख पुढची आहे. सोशल सिक्युरिटीच्या विश्वस्तांच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे निवृत्तिवेतनाचा साचलेला निधी २०३३मध्ये संपेल, आणि कायदा बदलला नाही, तर त्यानंतर येणाऱ्या करातून ठरलेल्या रकमेच्या सुमारे ७७ टक्केच देता येतील. हा कर नोकरदाराकडून ६.२ टक्के आणि मालकाकडून तेवढाच घेतात, पण २०२५मध्ये फक्त पहिल्या १,७६,१०० डॉलर पगारावर. वर्षाला दहा लाख डॉलर कमावणाऱ्याचा कर मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरून संपतो. ही मर्यादा उठवायची? दर वाढवायचा? वय वाढवायचं? पेन्शन थोडी कापायची? १९८३मध्ये निधी संपायला काही महिने उरले असताना रिपब्लिकन रेगन आणि प्रतिनिधिगृहाचे डेमोक्रॅट सभापती टिप ओ'नील यांनी मिळून कराची वाढ अलीकडे ओढली आणि पूर्ण पेन्शनचं वय ६५वरून टप्प्याटप्प्याने ६७वर नेलं. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते ६७ लागू झालं. आज जे मित्र एकमेकांच्या अध्यक्षावर तुटून पडतात, त्यांतले १९६६ साली जन्मलेले २०३३मध्ये ६७ वर्षांचे होतील.